पिवळा बेडूक परका नाही

पहिला मोठा पाऊस पडला की नागपुरातल्या व्हॉट्सॲप समूहांवर एक संदेश फिरू लागतो. रिकाम्या भूखंडांवर आणि धानाच्या बांधीत दिसणारे गर्द पिवळे बेडूक परदेशी व विषारी आहेत, ऑस्ट्रेलियात पसरले तसेच उड्या मारत ते इथवर पोहोचले आहेत आणि दिसताच त्यांना मारावे, असे त्यात सांगितलेले असते. सोबत मध्य प्रदेशातल्या नरसिंहपूरचा जुलै 2020 मधला व्हिडिओ जोडलेला असतो. हा संदेश वाचून लोक खरोखर काठ्या घेऊन निघतात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

व्हिडिओतला बेडूक परदेशी नाही. तो इंडियन बुलफ्रॉग, म्हणजे भारतीय उपखंडातलाच मोठा बेडूक आहे. एरवी तो हिरवट-तपकिरी असतो. पावसाळ्याच्या आरंभी, मीलनाच्या दिवसांत, नराचे अंग पिवळे आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या स्वरपिशव्या निळ्या होतात. उन्हाळाभर तो जमिनीखाली दडून असतो आणि पाणी साचताच शेकडोंच्या संख्येने एकत्र येतो, त्यामुळे काल नव्हता तो आज कुठून आला, असे पाहणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. तो विषारीही नाही. डोळ्यांमागे विषग्रंथी असतात त्या भेकाला, म्हणजे बेडकासारख्याच दिसणाऱ्या पण खरखरीत कातडीच्या टोडला, आणि संदेश लिहिणाऱ्याने बहुधा या दोघांची गल्लत केली आहे.

ऑस्ट्रेलियाचा दाखला मात्र थोडा थांबून पाहण्याजोगा आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. तिथला केन टोड हा भेक स्वतःच्या पायांनी दूरवर गेला, हे खरे. परंतु त्या खंडावर तो स्वतःहून आला नव्हता. उसावरचे भुंगेरे खाईल या आशेने 1935 मध्ये हवाईहून सुमारे शंभर भेक क्वीन्सलंडमध्ये आणून वाढवले आणि त्यांची प्रजा उसाच्या मळ्यांत सोडली गेली. सुरुवातीला वर्षाला साधारण 10 किलोमीटर पुढे सरकणारी त्यांची आघाडी पुढे 50 किलोमीटरपर्यंत वेगावली, कारण सर्वांत वेगाने जाणारे भेक आघाडीवर एकत्र येत, त्यांचे मीलन आपसांतच होई आणि त्यांच्या संततीचे पाय पिढ्यान्‌पिढ्या लांब होत गेले. त्यांना मोकळी वाट मिळाली ती माणसाने बांधलेल्या रस्त्यांची. कोरड्या मुलखात तग धरता आला तो गुरांसाठी केलेल्या पाणवठ्यांवर. 2009 मध्ये ते पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरले.

आता आपल्या पिवळ्या बेडकाकडे परत येऊ, कारण तोही एका ठिकाणी खरोखरच आक्रमक ठरला आहे, आणि ते ठिकाण भारतातच आहे. अंदमान बेटांवर तो मूळचा नाही. मुख्य भूमीवरून येणाऱ्या मत्स्यबीजात, म्हणजे तळ्यांत सोडायच्या माशांच्या पिल्लांत, त्याची शेपूटवाली पिल्ले मिसळून गेली, आणि मत्स्यबीज जिथे जिथे सोडले गेले तिथे तिथे तोही पोहोचला. ही पिल्ले मांसाहारी असतात. स्थानिक बेडकांच्या पिल्लांसोबत त्यांना ठेवून केलेल्या प्रयोगात स्थानिकांपैकी एकही पिल्लू बेडूक होईपर्यंत जगले नाही. समुद्र ओलांडणे या बेडकाला उडी मारून शक्य नव्हते; मत्स्यबीजाच्या पाण्याने भरलेल्या पिशवीने ते शक्य केले. आपल्या अंगणातला साधा भेकही 2014 मध्ये मादागास्करच्या टोआमासिना बंदराजवळ आढळला. हवाईत कोकी हा चिमुकला बेडूक रोपवाटिकांच्या कुंड्यांमधून शिरला. तेव्हा नागपुरात परका उभयचर शोधायचाच असेल, तर तो बाहेरून आलेल्या मत्स्यबीजात आणि कुंड्यांच्या मातीत शोधावा. पावसाच्या डबक्यात ओरडणारा नर तिथलाच रहिवासी आहे.

दिसताच मारा, हा सल्ला सर्वांत घातक आहे. पूर्वी परदेशी ताटांसाठी या बेडकांच्या तंगड्या भारतातून मोठ्या प्रमाणावर जात. ती निर्यात 1987 मध्ये बंद करण्यात आली. हा बेडूक धानाच्या शेतातले कीटक आणि खेकडे खातो. शिवाय नर पिवळे दिसतात तेच नेमके अंडी पडण्याचे मोजके दिवस असतात, आणि त्या रात्री डबक्यावर काठ्या चालल्या तर त्या डबक्यातली पुढची पिढी त्या वर्षी जन्मालाच येत नाही.