कोरडवाहू ज्वारी-बाजरी आणि ‘न ऐकणारा’ शेतकरी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘शेतकऱ्याच्या हट्टाला तुम्ही शहाणपणाचं नाव देता’ हा तुमचा मुख्य आक्षेप. कोरडवाहू धान्यपिकांच्या सुधारित शिफारशी सगळ्या एकदम गळ्यात न मारता टप्प्याटप्प्याने द्याव्यात, असं मी लेखात म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं की बियाणं, खत, विरळणी (दाट झालेली रोपं उपटणं) आणि कोळपणी (ओळींमधलं तण काढणं) हे सगळं एकत्र केलं तरच उत्पन्न वाढतं आणि अर्धवट केलं की पद्धतच बदनाम होते. बागायती भागातल्या शेतकऱ्यांनी अशाच शिफारशी दोन-तीन हंगामांत उचलल्या, मग कोरडवाहूवाल्यांनाच काय धाड भरली, असंही तुम्ही विचारलं आहे. चिमूटभर खत देण्याच्या पद्धतीने जमीन खंगते, हा तिसरा मुद्दा. तुम्ही स्वतः शेतकऱ्यांच्या शेतात या शिफारशींची प्रात्यक्षिकं घेतली आहेत, म्हणून जरा तपशिलात लिहिते.

एकत्रित परिणामाबद्दल तुमचं बरोबर आहे. ओल नसेल तर दिलेलं खत पिकाला लागत नाही आणि अन्नद्रव्यं नसतील तर मुरवलेल्या ओलीचाही पुरता उपयोग होत नाही. पण हे गणित पाऊस साथ देतो त्या वर्षी जुळतं. समजा, पूर्ण पॅकेजचा जादा खर्च हेक्टरी ४ क्विंटल धान्याइतका आहे. चांगल्या वर्षी ९ क्विंटल जादा मिळतात, फुलोऱ्याच्या वेळी पावसाने ताण दिला तर काहीच जादा मिळत नाही. पाच वर्षांत तीन चांगली गेली तर २७ क्विंटल वाढले, २० खर्ची पडले, म्हणजे ७ क्विंटल फायदा. अहवालात हे छान दिसतं. आता पहिली दोन्ही वर्षं कोरडी गेली असं धरा. शेतकरी ८ क्विंटलांनी खाली आहे, त्यातला खर्च बहुधा उसना आहे आणि तिसऱ्या वर्षीच्या पेरणीआधी त्याला एखादं जनावर विकावं लागलंय. ते ७ क्विंटल त्याच्या हाती कधीच पडत नाहीत, कारण तोवर तो या पद्धतीतून बाहेर पडलेला असतो. बागायतीत पाण्याची खात्री असते, त्यामुळे घातलेला खर्च बहुतेक हंगामांत वसूल होतो. तिथला शेतकरी जास्त धाडसी असतो म्हणून हा फरक पडत नाही.

शेतकरी काय स्वीकारतो हेही पाहू. भारतातला ज्वारीचा पहिला संकरित वाण सीएसएच-१ हा १९६४ साली आला. धान्य भरपूर, पण ताट बुटकं, म्हणजे कडबा कमी. शिवाय लवकर पक्व होत असल्याने दाणे भरताना पाऊस झाला की कणसावर बुरशी येऊन दाणे काळे पडायचे. बाजरीचा एचबी-१ हा १९६५ चा. त्याच्या आणि त्याच्या भावंडांच्या पिकात १९७०च्या दशकात गोसावी रोगाने, म्हणजे कणसात दाण्यांऐवजी पानांसारखा झुपका आणणाऱ्या रोगाने, हाहाकार केला. हे वाण वाईट होते असं मला म्हणायचं नाही, उत्पादनाची मोठी झेप त्यांच्यामुळेच दिसली. पण ज्याने त्या काळात हात राखून पेरलं त्याला हट्टी कसं म्हणायचं? दुसरीकडे सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला १९३०च्या दशकात निवडलेली मालदांडी ज्वारी म्हणजे एम ३५-१ रब्बीत अजून टिकून आहे, कारण ती मुरलेल्या ओलीवर येते आणि दाण्याइतकाच चांगला कडबा देते. जनावरं असलेल्या घरात कडब्याचं वजन दाण्याच्या बरोबरीने धरलं जातं. प्रात्यक्षिकाच्या फलकावर मात्र फक्त दाणा लिहिलेला असतो.

आणि वाण खरोखर सोयीचा असेल तर तो भराभर पसरतोही. एचएचबी ६७ ही बाजरी जेमतेम दोन महिन्यांच्या पुढे निघते, म्हणून शेवटच्या टप्प्यातल्या ताणातून वाचते. हरियाणा-राजस्थानच्या कोरड्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी ती उचलली. गोसावीचा धोका वाढल्यावर रोगप्रतिकारक सुधारित रूप २००५ मध्ये आलं, तेही त्यांनी घेतलं. हे शेतकरी त्याच ‘न ऐकणाऱ्या’ कोरडवाहूतलेच आहेत.

आता चिमूटभर खत. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये बाजरीला पेरणीच्या वेळी प्रत्येक ठोंबाला (बी टाकलेल्या प्रत्येक जागी) २ ग्रॅम डीएपी, म्हणजे नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) असलेलं खत, देण्याची पद्धत आहे. हेक्टरी १०,००० ठोंब धरले तर २० किलो. रोप लहान असताना मुळांपाशीच स्फुरद मिळतो, मुळं लवकर खोल जातात आणि पुढच्या उघडिपीत पीक तग धरतं. शेतभर विस्कटून दिलेल्या खतापेक्षा प्रत्येक किलोमागे धान्य जास्त येतं आणि पाऊस हुकला तरी बुडणारी रक्कम छोटी राहते. तरीही तुमची शंका रास्त आहे. वाढलेलं धान्य आणि कडबा शेताबाहेर जात राहिला आणि शेणखत परत आलं नाही, तर जमिनीतून निघणारं दिलेल्यापेक्षा जास्त होणारच. म्हणून ही पद्धत शेणखत किंवा कडधान्याच्या आंतरपिकाबरोबरच सांगायला हवी. मी तिला पहिली पायरी मानते, तिथेच थांबायला सांगत नाही.

मजुरीबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत काहीच नाही, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त शिफारशी तिथेच अडतात. पश्चिम आफ्रिकेतल्याच बुर्किना फासोमधल्या याटेंगा भागात ‘झाई’ खड्ड्यांनी कडक झालेली पडीक जमीन पुन्हा पिकाखाली आली. तिथले शेतकरी याकूबा सावाडोगो यांनी ही जुनी पद्धत सुधारली. कोरड्या दिवसांत खड्डे खोदून त्यात शेणखत टाकलं. उपयोग निर्विवाद आहे, पण हेक्टरी शेकडो तासांची खोदाई लागते. ज्या घरात कष्टाचे हात कमी आहेत तिथे ‘झाई करा’ हा सल्ला पोकळ ठरतो. विरळणी-खुरपणीचंही तसंच आहे. ती बहुतेक ठिकाणी बायकांच्या वाट्याला येते, आणि तरी प्रात्यक्षिकाला बोलावलं जातं घरातल्या पुरुषाला. ज्याला ते काम करायचंच नाही त्याने होकार दिला तर त्यावर विसंबून कसं चालेल?

मग शेतकऱ्यांपर्यंत शिफारशी नेणाऱ्या कार्यकर्त्याने करायचं काय, या तुमच्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. एका मोठ्या प्लॉटवर सगळे पर्याय शेजारी-शेजारी लावा आणि प्रत्येक शेतकऱ्याला त्यातले एक-दोनच स्वतःच्या शेताच्या एका पट्ट्यावर करू द्या. आफ्रिकेतल्या मलावीत १९९०च्या दशकात ही ‘आई-बाळ’ चाचण्यांची रीत रुळली: मोठा प्लॉट ही आई, शेतकऱ्यांचे पट्टे ही बाळं. बियाणं पाव-अर्ध्या किलोच्या पुड्यांत द्या. रात्रभर भिजवून, वरचं पाणी सुकवून पेरलेलं बी लवकर उगवतं, आणि याला कष्टाशिवाय काही लागत नाही. सुरुवात अशाने करा. काढणीला भाव पडलेले असताना धान्य गोदामात ठेवून त्यावर कर्ज मिळण्याची सोय नायजरमध्ये झाली, तशी जिथे होईल तिथे खतासाठी उसनवारी करावी लागत नाही. पहिला हंगाम वाया गेला तर खर्चातला किती वाटा प्रकल्प उचलणार, हे पेरणीआधीच ठरलेलं असावं.

एक विनंती आहे. तुमच्या प्रात्यक्षिकांच्या नोंदी असतील तर कमी पावसाच्या हंगामांचे आकडे वेगळे काढून पाहा. दाणा, कडबा आणि लागलेले मजुरीचे दिवस, तिन्ही. ते पाठवलेत तर तुमच्या परवानगीने इथे जसेच्या तसे छापेन, माझ्या म्हणण्याविरुद्ध गेले तरीही.