सासूबाईंच्या बाळंतपणाचंही विचारा

वहिनीला आठव्या महिन्यात बीपी वाढलं, तेव्हा घरात सगळ्यांनी तिलाच धरलं. लोणचं खाल्लं असेल, खर्डा खाल्ला असेल, टेन्शन फार घेते. ती दवाखान्यात होती, बीपी १६०/११०, पाय इतके सुजलेले की जोडवी कापून काढावी लागली. बोटांवरचे ते लालभडक वळ मी बघितलेत. आणि त्या अवस्थेतही ती माझ्या आईला सांगत होती, "आई, एकच फोड घेतली होती ओ."

त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर आई सहज बोलून गेली, "दादाच्या वेळी मलाबी असंच झालेलं. झटकं आलेलं. आठव्यातच झाला तो."

मी बघतच राहिले. नाव नोंदवताना वहिनीला विचारलं होतं, आईला, बहिणीला बीपीचा त्रास होता का? नव्हता. तसं लिहिलं गेलं. सासरचं विचारलंच नाही कुणी.

वीस आठवड्यांनंतर बीपी १४०/९० च्या वर जातं, लघवीतून प्रोटीन जायला लागतं, त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. आजार दिसतो आईच्या अंगावर, पण मूळ असतं वारेत, म्हणजे पोटात बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटात. आणि वार बाळाच्या पेशींची, म्हणजे निम्मे जनुक बापाचे. अमेरिकेतल्या युटामध्ये जुन्या जन्मनोंदी तपासल्या, त्याचा अभ्यास २००१ साली छापून आला. ज्या पुरुषांच्या आईला त्यांच्या वेळी हा त्रास झाला होता, त्यांच्या बायकांनाही तो होण्याची शक्यता साधारण दुप्पट निघाली. पुढे २०१७ मध्ये बाळाच्याच जनुकांत, एफएलटी१ या जनुकाजवळ, धागा सापडला. याच जनुकातून बनणारं एक प्रोटीन वारेतून आईच्या रक्तात जास्त उतरलं की रक्तवाहिन्या बिघडतात, बीपी चढतं. आईकडचे जनुक तर असतातच, आणि ते एकदोन नव्हेत, पुष्कळ आहेत. जनुक असले म्हणजे त्रास होणारच असंही नाही.

मीठ कमी केल्यानं हा आजार टळतो असं कुठं दिसलेलं नाही. मग त्या पोरीला एका फोडीसाठी का रडवलं आम्ही? मीही गप्प बसले होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

आधी कळलं असतं तर बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात डॉक्टरांनी कदाचित कमी डोसची ॲस्पिरिन सुरू केली असती. जोखीम जास्त असलेल्यांना ती देतात, आणि लवकर सुरू केली तरच नीट उपयोग होतो. स्वतःच्या मनानं मात्र घेऊ नका. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. तिथं जाताना सासूबाईंना, आत्याला, नणंदेला विचारून जा. आपल्याकडं बाळंतपणाचं पुरुषांसमोर बोलत नाहीत, म्हणून दादालाच स्वतःच्या जन्माची गोष्ट ठाऊक नव्हती.

वहिनीची आता दुसरी वेळ आहे. या वेळी पहिल्याच भेटीला आई सोबत गेली आणि स्वतःचं सगळं डॉक्टरांना सांगून आली. तेराव्या आठवड्यात गोळी सुरू झाली. परवा नववा लागला. काल संध्याकाळी बीपी ११८/७६.