आच्छादनाच्या हिशेबाबद्दल खुलासा

सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या बागायतदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'वाफ्याचे जितके चौरस फूट, तितके घनफूट आच्छादन विकत घ्या.' आच्छादन म्हणजे माती झाकायला वाफ्यावर पसरतात तो पालापाचोळा वगैरेंचा थर. मेसेजमधला हा हिशेब चुकीचा आहे.

त्याप्रमाणे घेतलं तर थर १२ इंच, म्हणजे अख्खा फूटभर होतो. भाजीच्या वाफ्याला साधारण ३ इंच पुरतात. फूट १२ इंचांचा, म्हणून चौरस फुटांना ४ ने भागायचं. १० बाय ४ फुटांचा वाफा ४० चौरस फूट, त्याला १० घनफूट लागतं. असे दहा वाफे असतील तर १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास. मेसेजप्रमाणे चार ब्रास होतात आणि पैसे नाहक जातात! शिवाय इतका जाड ओला थर खोडाला टेकला की खोड कुजण्याची भीती.

आंबा-काजूचा सुका पातेरा (गळलेली पानं) मात्र दबतो, तो थोडा जास्तच घ्या. सोडणांचे (नारळाच्या सालींचे) तुकडे फारसे दबत नाहीत. गोणीवर विकत घेत असाल तर एक गोणी आधी पसरून बघा, कुठवर पुरते ते कळेल.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा हिशेब कळवा.