तडा बुजवण्याआधी तो वाढतोय का ते बघा

घराला जोडून बांधलेल्या नव्या खोलीबद्दल एक सल्ला फार फिरतोय: ‘नवं बांधकाम बसतंच, तडे जाणारच. खरवडा, क्रॅक फिलर भरा, रंग द्या. भेग गिलाव्यातच असते. इंजिनीअर म्हणजे पैसे वाया.’ पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून बाकीचंही लोकांना पटतं.

‘नवं बांधकाम बसतंच.’ हो, बसतं. पण जुनं घर कधीच बसून गेलेलं असतं, नवी खोली आता बसू लागते, आणि दोन्हींचे पाये सहसा सारखे खोल नसतात. म्हणून दोन भिंती भिडतात तिथे उभा तडा पडतो. तो वरपासून खालपर्यंत सारखाच रुंद असेल आणि वाढायचा थांबला असेल, तर फारशी काळजी नको. वर रुंद आणि खाली निमुळता असेल, तर खोलीचं बाहेरचं टोक खचत असण्याची शक्यता आहे. खिडकीच्या कोपऱ्यापासून विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी तिरका जाणारा तडाही तसाच संशयास्पद. शिवाय चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. फुटलेली ड्रेनेजची पाइप पायाखालची माती धुऊन नेते. अशी हालचाल ‘बसून’ संपत नाही.

‘खरवडा आणि भरा.’ हा सल्ला सगळ्यात घातक. तड्याची रुंदी, दिशा, कडा हाच तर पुरावा, आणि तोच आपण झाकून टाकतो! आधी तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक स्क्रू बसवा, त्यांच्यातलं अंतर मोजा, तारखेसह लिहून ठेवा, पट्टी धरून फोटो काढा. दर महिन्याला हेच करा, जमल्यास वर्षभर. तापमान 20 अंशांनी बदललं तर 10 मीटर लांब काँक्रीट सुमारे 2 मिमी लांबतं किंवा आखडतं. त्यामुळे ऋतूप्रमाणे उघडमीट करणारा तडा वेगळा आणि एकाच दिशेने वाढत जाणारा वेगळा. पहिल्यात कडक फिलर पुन्हा फुटतो, तिथे लवचीक सांधा हवा. दुसऱ्यात आधी कारण शोधायला हवं.

‘भेग गिलाव्यातच असते.’ जाळीसारख्या, केसाएवढ्या भेगा बहुधा तशाच असतात. भिंतीच्या दुसऱ्या बाजूलाही त्याच जागी तडा दिसला, तर मात्र नाही.

‘इंजिनीअर म्हणजे पैसे वाया.’ ब्रिटनमध्ये रूढ असलेल्या वर्गीकरणात साधारण 5 मिमीपर्यंतचं नुकसान दिसण्यापुरतं मानतात, 25 मिमीच्या पुढे भिंतीच्या स्थैर्याचा प्रश्न येतो. माझ्या मते आकड्यापेक्षा वाढ महत्त्वाची. दार अचानक अडकू लागलं, भिंत ओळंब्याबाहेर गेली किंवा तडा आठवड्याआठवड्याला रुंदावू लागला, तर वर्षभर मोजत बसू नका. स्ट्रक्चरल इंजिनीअरला लगेच बोलवा, असतील त्या नोंदी त्याच्यापुढे ठेवा. आणि दुरुस्तीचं काम ज्याला मिळणार आहे, त्याच्याकडून निदान करून घेऊ नका.