रिपोर्ट चांगला आहे, आबा कसे आहेत?

फोंड्याजवळच्या आमच्या गावात पिंपळाच्या पाराला सगळे कट्टाच म्हणतात. आबा तिथे मंगळवारी आणि गुरुवारी येतात, कारण सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे त्यांचे डायलिसिसचे दिवस असतात. कट्ट्याला चारच पायऱ्या आहेत. गेल्या गुरुवारी त्यांतल्या दुसऱ्या पायरीवर ते थांबले, कठड्याला धरून थोडा वेळ उभे राहिले, आणि वर येऊन टेकल्यावर त्यांनी खिशातून घडी केलेला रिपोर्ट काढून माझ्या हातात दिला. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे गावातले निम्मे रिपोर्ट माझ्यापर्यंत येतातच. हिमोग्लोबिन ११.२ होते आणि डायलिसिसच्या आधीच्या व नंतरच्या नमुन्यांची तुलना केली तर युरिया ६५ टक्क्यांहून अधिक उतरलेला होता.

"रिपोर्ट चांगला आहे, आबा," मी म्हणालो.

"डॉक्टरही तेच म्हणाले. मग मला चार पायऱ्या का चढवत नाहीत?"

या प्रश्नावरून जी चर्चा सुरू झाली, ती पाव विकणारा पोदेर सायकलवरून भोंपू वाजवत निघून गेला तरी थांबली नाही. गणिताचे निवृत्त शिक्षक असलेले मास्तर म्हणाले की, दोष रिपोर्टाचा नाही. औषधाची चाचणी घेताना यश कशाला म्हणायचे हे जे लोक ठरवतात, त्यांनी आबांच्या पायऱ्या मोजायच्या ठरवलेल्याच नसतात. मेडिकलचे दुकान चालवणाऱ्या भाईंना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे असे की, एखादे औषध आयुष्य वाढवते का हे पाहायचे तर हजारो रुग्ण आणि कित्येक वर्षे लागतात, आणि रक्तातला आकडा मात्र तीन महिन्यांत उत्तर देतो. "आकड्याला नावे ठेवू नका," ते म्हणाले. "रक्तदाब उतरवला की पक्षाघात कमी होतात, एचआयव्हीच्या रुग्णाच्या रक्तातले विषाणू कमी राहिले की तो जगतो. हे सगळे आकडेच आहेत."

भाईंचा हा मुद्दा खोटा नाही, आणि मी तसे बोललोही. रक्तदाबाच्या आकड्यावर आज आपण विश्वास ठेवतो, याचे कारण वेगवेगळ्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांत तो आकडा आणि प्रत्यक्षातले पक्षाघात बरोबरीने उतरताना दिसले. असा विश्वास प्रत्येक आकड्याला स्वतः कमवावा लागतो. रक्तदाबाने कमावला म्हणून हिमोग्लोबिनला तो आयता मिळत नाही.

नेमके हिमोग्लोबिनचेच उदाहरण मास्तरांनी काढले. अमेरिकेत डायलिसिसवर असलेल्या आणि हृदयविकारही असलेल्या १,२३३ रुग्णांवर एक चाचणी झाली होती, तिचा निकाल १९९८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला एरिथ्रोपोएटिन हे रक्त वाढवणारे औषध अधिक देऊन हिमॅटोक्रिट (हिमोग्लोबिन वाहणाऱ्या तांबड्या पेशींचे रक्तातले प्रमाण) ४२ टक्क्यांपर्यंत, म्हणजे निरोगी माणसाइतके न्यायचे होते, तर दुसऱ्या गटात ते ३० टक्क्यांवरच ठेवायचे होते. रक्त वाढले की माणूस सुधारणार, असे सगळ्यांनाच वाटत होते, आणि पहिल्या गटाचे आकडे खरोखरच वर गेले. पण त्या गटात १८३ मृत्यू झाले आणि दुसऱ्यात १५०, आणि फायदा दिसण्याची आशा उरली नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवावी लागली. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, हे मास्तरांनी न विचारता सांगितले, कारण आपल्या बाजूचा आकडासुद्धा ते तपासल्याशिवाय सोडत नाहीत. "पण चाचणीने फक्त हिमॅटोक्रिटच मोजले असते," ते म्हणाले, "तर तिला आपण यशस्वी म्हणालो असतो."

इतका वेळ गप्प असलेल्या आबांनी आपला डावा हात पुढे केला आणि मला बोटे ठेवायला सांगितली. मनगटाच्या वर, जिथे शीर आणि धमनी शस्त्रक्रियेने जोडलेली आहे, तिथे कातडीखाली सतत थरथर लागते, एखाद्या बंद डब्यात भुंगा असावा तशी. "ही थांबली की मी संपलो," आबा म्हणाले. "सकाळी उठल्यावर मी आधी हे बघतो. तुझा रिपोर्ट महिन्यातून एकदा येतो."

मला जे सांगायचे होते, त्याला इथेच वाट मिळाली. मूत्रपिंडाच्या आजारांवरच्या चाचण्यांत काय मोजावे हे ठरवण्यासाठी 'साँग' नावाचा एक आंतरराष्ट्रीय उपक्रम आहे. त्यात अनेक देशांतल्या डॉक्टरांबरोबर खुद्द डायलिसिसचे रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसे यांना विचारले गेले, आणि हिमोडायलिसिसच्या, म्हणजे आबांसारख्या यंत्रावर रक्त शुद्ध करून घेण्याच्या उपचाराच्या, प्रत्येक चाचणीत मोजल्याच पाहिजेत अशा चार गोष्टी ठरल्या: मृत्यू, हृदयविकार, आबांनी दाखवली ती रक्तवाहिनीची जोडणी, आणि थकवा. मी तरी असे मानतो की ज्यांना उपचार सोसायचे आहेत त्यांना न विचारता यशाची व्याख्या करणे हा निव्वळ तांत्रिक दोष नसून अन्याय आहे.

"थकवा कसा मोजणार?" भाईंनी विचारले. "दुकानात येणारा प्रत्येक जण थकलेलाच असतो."

त्यासाठी तीन प्रश्नांची छोटी प्रश्नावली तयार झाली आहे, हे मी सांगितले: थकवा किती वाटतो, अंगात शक्ती किती आहे, आणि थकव्यामुळे रोजच्या जगण्यात किती अडते. भाई म्हणाले की, नवे औषध मिळते आहे एवढे कळले तरी माणसाला बरे वाटू लागते. ते खरे आहे, आणि म्हणूनच कोणाला औषध मिळते आणि कोणाला औषध नसलेली नुसती गोळी, हे रुग्णाला आणि विचारणाऱ्याला दोघांनाही कळू द्यायचे नसते.

मग मास्तरांनी माझ्याच बोलण्यावर बोट ठेवले, आणि त्यांचे बोलणे मला अजून सुटलेले नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'ट्रीट' या चाचणीत मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार आणि रक्ताची कमतरता असलेले ४,०३८ रुग्ण होते, आणि त्यांतले कोणी डायलिसिसवर नव्हते. डार्बेपोएटिन हे एरिथ्रोपोएटिनच्याच जातीचे औषध घेणाऱ्यांना थकवा थोडा कमी जाणवला. पण त्यांच्यात १०१ जणांना पक्षाघात झाला, आणि औषध नसलेले नुसते इंजेक्शन घेणाऱ्यांत ५३ जणांना. "तू केवळ थकवा मोजला असतास तर?" मास्तरांनी विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. रुग्णाला विचारून निवडलेले मापही एकटे सोडले तर फसवू शकते, हे मला मान्य करावे लागले.

मृत्यू, हृदयविकाराचा झटका आणि इस्पितळातली भरती असे सगळे एकाच बेरजेत घालण्याची जी पद्धत आहे, तिच्यावर मास्तर बराच वेळ बोलले असते, पण भाईंनी त्यांना थांबवून एकच अट घातली: काय मोजायचे ते पहिला रुग्ण घेण्याआधी लिहून ठेवा, नंतर निकाल बघून माप बदलू नका. भारतात चाचण्यांची नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि २००९पासून नोंदणी सक्तीची झाली. तिच्यात मुख्य फलित कोणते हे आधीच लिहावे लागते, आणि ती कोणालाही उघडून वाचता येते. या एका मुद्द्यावर आम्हा तिघांचे एकमत झाले.

"आबा, थकवा उतरेल पण पक्षाघाताची भीती दुप्पट होईल, असे औषध तुम्ही घ्याल?" भाईंनी विचारले.

"मला दोन्ही आकडे वेगवेगळे सांगा, बेरीज करून सांगू नका. मग मी घरी विचारून ठरवीन."

मास्तरांनी भज्यांचा कागद पुसून उलटा केला, त्यावर ते तीन प्रश्न लिहिले आणि आबांना पहिला विचारला. आबांनी उत्तर दिले नाही. शुक्रवारी डायलिसिसच्या खुर्चीतून उठल्यावर अंगातले सगळे पिळून काढल्यासारखे वाटते, गुरुवारी जरा माणसात येतो, आणि रविवारी रात्री दोन दिवसांचे पाणी साठल्यामुळे उताणे झोपवत नाही, असे सांगून त्यांनी विचारले, "यातल्या कुठल्या दिवसाचे लिहिणार?"

मास्तरांनी प्रश्नांसमोर सात उभे रकाने आखले आणि पहिल्यावर सोमवार लिहिले.