क्राउड

आज रविवारच्या मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये डोकं फिरलं. घरी येऊन भांडी घासली, कपड्यांच्या घड्या घातल्या, तरी उतरत नाहीये. म्हणून लिहितेय.

एक नवं जोडपं आलंय, पुण्याहून व्हाया डॅलस. मुलगी पाचवीत, म्हणजे सप्टेंबरपासून मिडल स्कूल, सहावी ते आठवीची शाळा. इथे न्यू जर्सीत, आमच्या एडिसनमध्ये घर बघतायत. त्यांनी साधा प्रश्न विचारला, मिडल स्कूल कुठली बरी? तर आपल्यातलेच एक काका (नाव घेत नाही, ते हे वाचणारच आहेत) आवाज खाली आणून म्हणाले, "नॉर्थ एडिसनच बघा. साउथला शाळा तशी ठीक आहे, पण क्राउड जरा वेगळा आहे."

माझा सातवीतला मुलगा माझ्या शेजारी उभा होता. त्याच क्राउडमधला.

क्राउड म्हणजे काय हो, काका?

मी सांगते. मुलाच्या सहावीचा पहिला आठवडा. प्रायमरीत लॉकर नसतात, इथे पहिल्यांदा मिळतो, गोल चकतीचं नंबरवालं कुलूप असलेला. उजवीकडे फिरवा, मग डावीकडे एक अख्खा फेरा मारून पुढच्या आकड्यावर, मग परत उजवीकडे. एक घर चुकलं की पहिल्यापासून. तसलंच कुलूप मी घरी आणून सरावासाठी दिलं होतं. घरी उघडायचं, शाळेत उघडेना. तिसऱ्या दिवशी तास सुरू व्हायला मिनिटभर उरलेलं आणि हा रडायच्या बेतात. शेजारच्या लॉकरवाल्या पोराने याचा हात धरून चकतीवर ठेवला आणि स्पॅनिशमध्ये म्हणाला, देरेचा, इस्किएर्दा, देरेचा. उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. तो मुलगा डॉमिनिकन रिपब्लिकहून नुकताच आलेला, इंग्रजी जेमतेम. कुलूप उघडलं.

हा तुमचा वेगळा क्राउड.

गावात मिडल स्कूल चार. जॉन अ‍ॅडम्स, वुड्रो विल्सन, हर्बर्ट हूवर, थॉमस जेफरसन. चारही राष्ट्राध्यक्ष, त्यामुळे नावात तरी कुणी कमी-जास्त नाही. पहिल्या दोन नॉर्थच्या, त्यांची पोरं पुढे जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलला जातात; दुसऱ्या दोन साउथच्या, त्यांची एडिसन हायस्कूलला. बोर्ड एक, शिक्षकांचा करार एक, आपण भरतो तो प्रॉपर्टी टॅक्सही एकाच गल्ल्यात. मग घर शोधायच्या अ‍ॅपवर शाळेच्या नावापुढे तो दहापैकीचा आकडा असतो, तो नक्की कशाचा? बऱ्याच अंशी परीक्षेच्या मार्कांचा. आणि मार्क बऱ्याच अंशी घरचे. कुणाची आई रात्री जेवणाच्या टेबलावर अपूर्णांक घेऊन बसते, कुणाची आई त्या वेळी दुसऱ्या शिफ्टला निघालेली असते, कोण मागच्या वर्षीच विमानातून उतरलं, त्याचा तो आकडा. राज्याच्या रिपोर्टमध्ये ग्रोथचाही एक आकडा असतो. आधीच्या वर्षी तेवढेच मार्क असलेल्या राज्यभरच्या पोरांच्या तुलनेत हे पोर किती पुढे गेलं, ते सांगणारा. ४० ते ५९.५ च्या मध्ये असला की राज्याच्या लेखी ठीक. तो कुणी बघतं का? बघायचाच नसतो, कारण त्यात क्राउड दिसत नाही.

बरं, मान्य. नॉर्थला गणितवेडी पोरं जास्त असतील. माझा मुलगाच म्हणतो की वर्गात त्याला टक्कर द्यायला दोघंच आहेत. झालं समाधान?

याच काकांनी २७ फेब्रुवारीला त्यांच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा फोटो टाकला होता. बसकरपट्टी, गळकी कौलं, 'एकाच वर्गात सगळ्या थरांतली पोरं, जात-पात माहीत नव्हती'. (म्हणे. तुम्हाला माहीत नसेल, शेजारी बसणाऱ्याला असणार. असो, तो विषय वेगळा.) मीही बदाम दिला होता. गावाकडे ते 'आम्ही सगळे' आणि न्यू जर्सीत तो 'क्राउड'?

आणि २०१० आठवतं का? टाइम मासिकात एडिसनमधल्या भारतीयांची टिंगल करणारा लेख आला होता. केवढे पेटलो होतो आपण सगळे! मासिकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. तेव्हा क्राउड आपण होतो.

इथवर तावातावात लिहिलं. आता खरं सांगते, नाहीतर नवराच खाली कॉमेंटमध्ये लिहील. घर घेताना नॉर्थ आम्हाला झेपलं नाही, म्हणून साउथ. तत्त्व-बित्त्व काही नव्हतं. अ‍ॅपवरचा आकडा बघून मी दोन रात्री झोपले नव्हते. स्वयंपाकघरात उभी राहून नवऱ्याला म्हणाले होते, "अरे, पण तिथला क्राउड..." हाच शब्द. मुलगा तेव्हा लहान होता, ऐकलं नसेल अशी आशा आहे. आज मात्र त्याने ऐकलं. गाडीत बसल्यावर मला विचारलं, "आई, ते काका माझ्या शाळेबद्दल बोलत होते ना?" मी म्हटलं, सीटबेल्ट लाव.

काकांना तिथल्या तिथे काही बोलले नाही. हातात त्यांच्याच बायकोने दिलेला चकलीचा डबा होता. त्याचाच राग जास्त येतोय बहुतेक.

तो लॉकरवाला पोरगा आता फाडफाड इंग्रजी बोलतो. पेरेंट-टीचरच्या दिवशी आईला टीचरचं बोलणं समजावून सांगत होता, आणि स्वतःबद्दलची तक्रार बेट्याने शिताफीने गाळली. टीचरला स्पॅनिश येत होतं. आई हसली, मग कान धरला. माझ्या मुलाला विचाराल तर कुलूप उघडताना अजून तोंडातल्या तोंडात म्हणतो, देरेचा, इस्किएर्दा, देरेचा.

त्या जोडप्याचा नंबर कुणाकडे असेल तर मला मेसेज करा. मंगळवारी मी घरून काम करते. शाळा सुटायच्या वेळी त्यांना गेटापाशी घेऊन जाईन, क्राउड बघायला. आणि काकू, डबा धुऊन ठेवलाय, पुढच्या रविवारी आणते.