आठ बाय सहा फुटांत जपानी बाग होते का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेतले आक्षेप नेमके आहेत. दोन ओळींत उत्तर देऊन त्यांची बोळवण करणं बरोबर नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तळमजल्यावरच्या घरामागे ८ फूट बाय ६ फूट मोकळी जागा आहे, असं धरून तो आराखडा केला होता. त्यात तीन काळे दगड, निम्म्याहून जास्त भागात बारीक खडी, एक पोडोकार्पस (सदाहरित झाड), दगडांच्या पायथ्याशी ऑफिओपोगॉन (गवतासारखं बुटकं रोप), कोपऱ्यात पाण्याने भरलेलं जुनं दगडी उखळ आणि मागे बांबूचा आडोसा होता. तुमचं म्हणणं असं: पुण्याचं पु. ल. देशपांडे उद्यान पाहिलं की जपानी बाग म्हणजे काय ते कळतं, ती एवढ्याशा जागेत होणं शक्य नाही. शेवाळ (मॉस) नाही, मेपल नाही आणि वर उखळ, म्हणजे ही भेसळ झाली. अर्धी जागा रिकामी सोडणं परवडत नाही. तुम्ही स्वतः घातलेली पांढरी खडी एका पावसाळ्यात हिरवी पडली. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, हेच चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत जमेल का?

आधी पु. ल. उद्यानाबद्दल. ते जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून केलेलं आहे. मूळ कोराकुएनचं काम १६८७ साली इकेदा त्सुनामासा या सरदाराने सुरू करवलं आणि १७०० साली ते पूर्ण झालं. तिचा विस्तार जवळपास १३ हेक्टर आहे. ती फिरत फिरत बघायची बाग आहे. वळणावळणाला दृश्य बदलतं, तळं येतं, पूल येतो, टेकडी येते. तिला आखडून ८ बाय ६ मध्ये बसवायला गेलं तर मांडीएवढा पूल आणि परातीएवढं तळं तयार होतं आणि सगळंच खेळण्यातलं दिसतं. इथपर्यंत तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

पण घरातली छोटी बाग त्या वाटेने आलेलीच नाही. क्योटोतली व्यापाऱ्यांची जुनी लाकडी घरं रस्त्याकडे अरुंद आणि आत खूप लांब असायची. मधल्या खोल्यांना उजेड आणि वारा मिळावा म्हणून घराच्या पोटात आकाशाला उघडा छोटा तुकडा सोडत आणि त्यात बाग करत. आपल्या वाड्यातला चौक उजेडवाऱ्याचं हेच काम करायचा. या बागेत कुणी फिरत नाही, ती खोलीत बसून बघायची असते. तिथल्याच दाइतोकुजी मंदिरसमूहातल्या र्योगेन-इन मंदिरात दोन इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत १९५८ साली केलेली तोतेकिको नावाची बाग आहे. वाळू आणि मोजके दगड, एवढंच. ती जपानातल्या सर्वांत लहान दगडी बागांमध्ये गणली जाते आणि तिला अपुरी म्हणणारं कुणी भेटणार नाही.

म्हणून छोट्या जागेत पहिलं काम म्हणजे बघायची जागा ठरवणं. तुम्ही सोफ्यावर बसणार असाल तर डोळा जमिनीपासून साधारण ११० सेंटीमीटरवर येतो, जमिनीवर बसणार असाल तर ७५ ते ८० वर. त्या एका जागेवरून दगड, झाड आणि आडोसा कसा दिसतो एवढंच बघायचं. दगड विकत घेण्याआधी त्या मापाचे पुठ्ठ्याचे खोके ठेवा आणि चार दिवस येता-जाता बघा. खोका सरकवायला कष्ट पडत नाहीत, सव्वाशे किलोचा दगड सरकवायला पडतात.

रिकाम्या जागेचा मुद्दाही इथेच सुटतो. तिथे वीस कुंड्या मावतील, हे खरं. पण मग खोलीत येणारा उजेड अडतो आणि जवळचं-लांबचं असा फरक उरत नाही. नजर पहिल्या कुंडीवरच थांबते. मोकळी खडी पुढे आणि दगड मागे ठेवले की सहा फुटांची बाग दहा फुटांसारखी खोल वाटते. तुम्हाला भाज्या किंवा फुलं हवी असतील तर सरळ कुंड्याच लावा, त्यात काहीच कमी नाही. पण तीच जागा दोन्ही कामांना वापरली तर दोन्ही बिघडतात.

आता खडी. याच मुद्द्यावर सगळ्यात जास्त लोक हात पोळून घेतात, म्हणून जरा थांबून सांगतो. तुम्ही लिहिलंय की माती सारखी करून तिच्यावर प्लास्टिक अंथरलं आणि वर संगमरवराचे पांढरे तुकडे पसरले. हिरवं पडण्याचं कारण या तीन गोष्टींत आहे. प्लास्टिकवर पाणी साचतं, वरून ऊन मिळतं, वाऱ्याने धूळ येऊन बसते. एकपेशीय शेवाळाला एवढंच लागतं. शिवाय जपानी बागेत खडीवर दाताळ्याने रेघा ओढतात, त्या गोलसर, मोठ्या तुकड्यांवर उमटत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत पांढऱ्या संगमरवराची तिरीप इतकी येते की खोलीचा पडदा ओढावा लागतो, मग बाग बघणार कधी? आणि संगमरवर हा चुनखडीचाच प्रकार असल्यामुळे कडेची माती हळूहळू अल्कधर्मी होते. शेजारी अनंत असेल तर त्याची नवी पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात.

क्योटोतल्या बागांची पारंपरिक वाळू शिराकावा भागातल्या ग्रॅनाइटच्या भुग्याची. तिचे कण टोकदार असतात, म्हणून एकमेकांत अडकून रेघ धरून ठेवतात. पांढऱ्याबरोबर करडे आणि काळे कणही असल्यामुळे ती डोळ्यांवर येत नाही. आपल्याला तिचा रंग नको, हा गुण हवा. करड्या ग्रॅनाइटची किंवा आपल्या काळ्या दगडाची ३ ते ६ मिलिमीटरची खडी तो गुण देते. क्रशरवरून आणलेला माल दोन चाळण्यांतून काढायचा: ६ मिलिमीटरच्या चाळणीवर राहील ते बाजूला आणि ३ मिलिमीटरच्या चाळणीतून पडेल तेही बाजूला. मग घमेल्यात घेऊन पाणी नितळ येईपर्यंत धुवायची. हा धुण्याचा कंटाळा केला की दगडाची भुकटी पहिल्या पावसात खाली बसते, घट्ट पापुद्रा धरते आणि पाणी पुन्हा तुंबतं.

बांधणी अशी. १५ सेंटीमीटर खोदा. तळाला शंभरात एक उतार द्या आणि तो पाणी जायच्या जाळीकडे न्या. त्यावर ७ सेंटीमीटर जाड २० मिलिमीटरची खडी, तिच्यावर न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड (१५० ते २०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) आणि त्यावर ५ सेंटीमीटर धुतलेली बारीक खडी. कापड पाणी सोडतं आणि माती अडवतं, प्लास्टिक दोन्ही अडवतं. दगड-झाडं वगळता तीन चौरस मीटर खडीचा भाग धरला तर बारीक खडी सव्वादोनशे किलोच्या आसपास आणि खालची जाड खडी सव्वातीनशे किलो लागेल. कडेला १० सेंटीमीटर उंचीची दगडी किंवा विटांची पाळ हवीच, नाहीतर माती आत वाहून येते.

छज्ज्याचं पाणी जिथे पडतं तिथे बारीक खडीत खड्डे पडतात. जपानी घरांत वळचणीखाली जाड गोट्यांची वेगळी पट्टी असते, ती याचसाठी. साधारण ३० सेंटीमीटर रुंद पट्टीत ४ ते ५ सेंटीमीटरचे गोटे भरा. रेघांचं दाताळं घरच्या फळीचं करता येतं, दात ५ सेंटीमीटर अंतरावर. रेघ अडीच सेंटीमीटरपेक्षा खोल नको, नाहीतर दात कापडात अडकतो. जून ते सप्टेंबर रेघा काढायच्या भानगडीत पडू नका, आपला पाऊस त्या तासाभरात मोडतो. ऑक्टोबरमध्ये वरचा थर काढून एकदा धुतला की पुढचे आठ महिने बघावं लागत नाही. मधल्या काळात फक्त पडलेली पानं वेचायची. ती कुजली की माती होते, आणि तण त्या मातीत उगवतं, खालच्या नाही.

दगडांकडे येतो. तीन दगडांपैकी मुख्य दगड जमिनीवर ४५ सेंटीमीटर दिसावा आणि २० सेंटीमीटर आत जावा. पोटाशी सर्वांत रुंद असलेला भाग जमिनीच्या पातळीला किंवा जरा खालीच गेला पाहिजे. तो वर राहिला की दगड आणून ठेवल्यासारखा दिसतो, पुरला की जमिनीतून वर आल्यासारखा. ‘पैसे देऊन घेतलेला दगड मातीत घालायचा?’ असं बरेच जण विचारतात. हो, घालायचा. अकराव्या शतकातल्या साकुतेइकी या बागकामाच्या जपानी ग्रंथात ताकीद आहे की मुळात उभा असलेला दगड आडवा करू नये आणि आडवा असलेला उभा करू नये. तिथे कारण अरिष्टाचं दिलंय, पण डोळ्यांनाही ते पटतं, कारण दगडावरच्या झिजेच्या आणि ओलीच्या खुणा उलट्या दिसू लागतात.

सुरुंगाने फोडलेला निळसर-काळा, ड्रिलच्या खुणा असलेला खाणीतला दगड घेऊ नका. मुरमात सापडणारे, कोपरे झिजून गोलसर झालेले, वर तांबूस-करडी साय धरलेले दगड घ्या. इमारतींच्या पायाच्या खोदकामात ते निघतात. नदीतून किंवा टेकडीवरून उचलू नका. काळा दगड पाण्याच्या २.८ ते २.९ पट जड असतो, त्यामुळे या मापाचा दगड सव्वाशे किलोच्या पुढेच जातो. चार माणसं, दोर आणि पहार लागेल. खड्ड्यात बसवल्यावर भोवती मुरूम आणि खडी पहारीने ठासून भरा, सिमेंट लागत नाही. धक्का देऊन दगड हलला तर पुन्हा ठासा. बाकीचे दोन दगड ३० आणि १५ सेंटीमीटर दिसतील असे, आणि तिघांमधली अंतरं एकसारखी नकोत.

उखळावरून तुम्ही भेसळ म्हणालात, तिथे मात्र मी ठाम असहमत आहे. जपानी चहासमारंभासाठीच्या बागांमध्ये जुनी वस्तू नव्या कामाला लावण्याची मोठी परंपरा आहे. पडलेल्या देवळाच्या खांबाखालचा दगड पाण्याचं भांडं होतो, जुनं जातं पायवाटेतला दगड होतं. चहागुरूंनी हे मुद्दाम केलं, कारण झिजलेल्या दगडाला जे रूप येतं ते नव्याला येत नाही. त्या न्यायाने महाराष्ट्रातल्या बागेत उखळ असणं हे सिमेंटच्या साच्यातल्या जपानी कंदिलापेक्षा परंपरेला जास्त धरून आहे. जात्याचं मात्र जपून. ज्या घरात त्याला हळदकुंकू लागतं तिथे ते पायाखाली घालू नये.

उखळातल्या पाण्याची खरी अडचण डासांची. पाणी दर चार-पाच दिवसांनी उपसा आणि आतली बाजू ब्रशने घासा. नुसतं उपसून भागत नाही, कारण एडीस डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर दगडाला चिकटलेली असतात आणि कोरडीही टिकतात. वाहतं पाणी हवं असेल तर उखळाखाली ४० ते ५० लिटरचा टब पुरा, वर जाळी आणि गोटे, आत ८-१० वॉटचा पंप. टब उखळापेक्षा सगळ्या बाजूंनी निदान १५ सेंटीमीटर मोठा हवा. नाहीतर उडालेलं पाणी बाहेर जातं, टब रिकामा होतो आणि पंप कोरडा चालून जळतो. वीजजोडणी ईएलसीबीतूनच (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) घ्या.

शेवाळ आणि मेपल. क्योटोला वर्षाला साधारण दीड हजार मिलिमीटर पाऊस होतो आणि तो बाराही महिने विभागून पडतो. पुण्यात त्याच्या निम्मा, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. त्यामुळे देशावर शेवाळाचा गालिचा टिकवणं अवघड, हे तुम्ही बरोबर लिहिलंत. बोअरवेलचं पाणी मारून तर ते आणखी लवकर जातं, क्षारांची पांढरी पुटं चढतात. कोकणात आणि गोव्यात सावलीतल्या जांभ्यावर मात्र करून बघा. जांभा पाणी धरतो, आणि नोव्हेंबरात तपकिरी पडलेलं शेवाळ मेलेलं नसतं, ते खरवडू नका. देशावर बुटकं ऑफिओपोगॉन ८ ते १० सेंटीमीटर अंतरावर लावा. ऊन भरपूर असेल तर कोरियन लॉन न कापता उंचवट्यावर वाढू द्या, ते आपोआप गाद्यांसारखं फुगतं. मेपलचा नाद सोडा, त्याला थंडीची विश्रांती लागते आणि आपल्या उन्हाने पानं करपतात. पोडोकार्पस आणि अनंत ही दोन्ही झाडं जपानी बागांमध्ये पूर्वीपासून आहेत आणि आपल्याकडे सुखाने वाढतात. अगदी सावली असेल तर रॅफिस पाम. पोडोकार्पसला काळ्या मातीत पाणी साचून मूळकूज होते, म्हणून ४५ सेंटीमीटरच्या खड्ड्यात तांबडी माती, मुरूम आणि खत समान भरा. छाटताना वरून गोळा कातरू नका. आतल्या फांद्या विरळ करा, खोड दिसलं पाहिजे.

बांबूच्या आडोशासाठी सिंधुदुर्गाकडचा माणगा उत्तम, तो जवळजवळ भरीव असतो. हिवाळ्यात तोडलेला घ्या, बोरॅक्स आणि बोरिक अॅसिड दीडास एक या प्रमाणात मिसळून केलेल्या पाच टक्क्यांच्या द्रावणात आठवडाभर बुडवा. पावसात ते औषध धुऊन जातं, त्यामुळे वाळल्यावर वरून तेलाचा हात हवाच. खालचं टोक जमिनीपासून ५ सेंटीमीटर वर ठेवा.

आता बाल्कनी. घरांच्या बाल्कनीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ३०० किलो भार धरतात, आणि त्यात माणसंही आली. ३० सेंटीमीटर ओली मातीच ५०० किलोपर्यंत जाते, तेव्हा मातीचा वाफा बादच. वॉटरप्रूफिंगवर २० मिलिमीटरचे ड्रेन सेल (खालून पाणी वाहू देणारे प्लास्टिकचे जाळीदार तुकडे), कापड आणि ३ सेंटीमीटर बारीक खडी घातली तर खडीचा भार चौरस मीटरला ४५ किलोच्या आसपास राहतो. पाणी जायची जाळी उघडता येईल अशी ठेवा. झाड कोकोपीट-पर्लाइटच्या मिश्रणात, कुंडीत, भिंतीच्या कडेला. दगड पुरता येत नाही, म्हणून तो दगड कापणाऱ्याकडून बुडातून सपाट कापून घ्या. कापलेली बाजू खडीत टेकली की तो पुरल्यासारखाच दिसतो आणि वजनही तिसऱ्या हिश्श्याने उतरतं. तरीही बाल्कनीत एकच दगड आणि तो ३० किलोच्या आतला. इमारत जुनी असेल, स्लॅबला खालून तडे किंवा ओल दिसत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय खडीची एक गोणीही वर नेऊ नका.